मेंढरांच्या बाजूनं

मला चार लोक कवी म्हणतात. पण माझ्या हातून लिहिली गेलेली सगळ्यात खोटी ओळ कुठल्याच कवितेत नाही. ती एका माफीनाम्यात आहे. ‘परमपूज्य, आदरणीय रेव्हरंड पाळकसाहेब यांच्या चरणी’ अशी ती ओळ. हा नुसता मायना. खालचा मजकूर इतकाच, की मी मंडळीच्या वार्षिक सभेत छपराच्या वर्गणीचा हिशेब मागितला, आवाज चढवला, ती माझी चूक झाली, पदरात घ्यावं.

माफीनामा माझा नव्हता, मामाचा होता. मामा म्हणजे आईचा मावसभाऊ, कापसाच्या बाजारात हमाल, आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. आईच्या घराण्याची ती फांदी 1899-1900 च्या दुष्काळात मिशनात गेली. जुनी माणसं त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, संवत 1956 होतं म्हणून. आमची फांदी वळली ती इसवी सन 1956 ला. छप्पन साल आमच्या घराण्याला असं दोनदा लागलं.

मामाची आई वारली तेव्हा मी दुसरी पाळी सोडून गेलो. प्रेत घरात, माणसं दारात, कबर खणून झालेली, आणि पाळक येईना. मग निरोप आला, आधी लेखी द्या. मामाचं शिक्षण दुसरीपर्यंत. माझं अक्षर बरं म्हणून कागद माझ्यापुढं सरकवला. मायना मामीनं सांगितला. तिला पाठ होता. मी म्हणालो, मामी, चरणी कशाला? ती म्हणाली, “लिही रे बापू, मढं घरात हाये.” मी लिहिलं.

कोणत्या मिशनची मंडळी, कोण पाळक, ते मी लिहिणार नाही. एका माणसाची नालस्ती करायला आपलं हे पान नाही. आणि तो माणूस काही राक्षस नव्हता. संध्याकाळी आला, चांगली प्रार्थना केली, स्वतःच्या हातानं माती लोटली. मला राग माणसापेक्षा मायन्याचा आला, तो अजून गेलेला नाही. त्या सहा शब्दांनी हिशेब मागणाऱ्या माणसाला माफी मागणारा केलं. म्हणून हे परीक्षण. कवितेचं करतात तसं, शब्दाला धरून.

‘पाळक’ घ्या. इंग्रजीतल्या पास्टरचं हे मराठी. पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. मराठीत मेंढी गळाली, पाळणं तेवढं राहिलं. आता आपण पाळतो काय? गाय पाळतो, कुत्रं पाळतो, कोंबड्या पाळतो. सुतक पाळतात. विटाळ तर आपल्यासाठी हजारो वर्षं पाळला. पाळलेलं ते पाळीव. मेंढपाळाच्या खांद्यावर कोकरू बसलेलं चित्र चर्चच्या कॅलेंडरवर असतं, गोड दिसतं. पण आमच्याकडं घाटाखाली धनगरांचे कळप येतात, आम्ही रोज बघतो. धनगर मेंढरं जपतो, खरंच जपतो, लांडग्यापुढं काठी घेऊन उभा राहतो. पण लोकर तोच काढतो आणि बाजारात नेतो तोही तोच. येशूच्या गोष्टीतला मेंढपाळ मेंढरांसाठी मरतो हे मला माहीत आहे. त्या गोष्टीत मेंढपाळ एकच आहे. पुढं गावोगाव एकेक नेमला गेला, त्यांनी मरायचं नव्हतं. ही उपमा मेंढराच्या बाजूनं कोणी तपासली काय? मेंढरू कधी हिशेब मागतं काय?

आणि गंमत अशी की त्याच मराठीत चर्चला शब्द आहे ‘मंडळी’. काय शब्द आहे, दोस्तांनो! काय मंडळी, जेवलात का? बसा मंडळी. या शब्दात कोणी वर नाही, कोणी खाली नाही, सतरंजीवर सगळे सारखे. ज्या कोणी हा शब्द ख्रिस्ती मराठीत बसवला त्याला आपला सलाम. पण लगेच शेजारी ‘पाळक’ आणून बसवला, आणि सतरंजीवरची माणसं उठून चार पायांवर उभी राहिली. ‘मंडळीचे पाळक’. दोन शब्दांचं एकमेकांशी इतकं हाडवैर, आणि ते रोज एकाच तोंडातून निघतात.

माझ्याकडं रद्दीतून घेतलेला एक जाडा इंग्रजी कोश आहे, पुठ्ठा नसलेला. त्यात मी बाकीचे शब्द बघितले. रेव्हरंड म्हणजे ज्याला आदर दिलाच पाहिजे असा. म्हणजे आदर मिळवायचा नाही, तो नावाच्या आधीच छापून आलेला. पाद्री हा पोर्तुगिजांचा शब्द, अर्थ बाप. फादरचा अर्थ सांगायला नको. बिशप ग्रीक, मूळ अर्थ वरून देखरेख करणारा. आमच्या जिनिंगात त्याला मुकादम म्हणतात. मराठी बायबलात बिशपला अध्यक्ष म्हटलं आहे, वसईचे कॅथलिक तर महागुरूस्वामी म्हणतात. महा पण, गुरू पण आणि वर स्वामी पण! उलट डीकन आणि मिनिस्टर या दोन्हींचा मूळ अर्थ नोकर. मिनिस्टर म्हणजे नोकर हे कळलं त्या दिवशी मी मुंबईतल्या मंत्र्यांचा विचार करून एकटाच हसलो. शब्द कुठून निघतो आणि कुठं जाऊन गादीवर बसतो!

या सगळ्यांच्या मागं आपल्याकडं एक शेपूट लागलं, ते कुठल्याच बायबलात नाही. ‘साहेब’. पाळकसाहेब, मिशनरीसाहेब, मडमसाहेब. हे शेपूट कुठून आलं ते बघायला जरा मागं जावं लागतं.

वऱ्हाडात प्रॉटेस्टंट काम मुख्यतः अमेरिकेतल्या अलायन्स मिशनचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अकोल्याभोवती ते रुजलं आणि आपल्या जिल्ह्यात खामगाव, बुलढाणा, मलकापूर अशी ठाणी झाली. खामगाव तेव्हा कापसाचं मोठं नाव. जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा 1870 सालीच आला, इंग्रजाला कापूस न्यायचा होता म्हणून. गाडीनं कापूस गेला. पुढं 1896-97 चा दुष्काळ आला आणि मधे जेमतेम श्वास घेतो तोवर 1899-1900 चा. माणसं रस्त्याच्या कडेला मेली. अकोल्यात, खामगावात मिशनची अनाथालयं चालली. गावानं ज्यांना सावलीलाही उभं केलं नसतं त्या पोरांना तिथं भाकर मिळाली, पाटी मिळाली. हे आधी कबूल करायला पाहिजे. ज्या दिवशी शेटजी धान्याचा भाव बघत होते त्या दिवशी ती परदेशी बाई कोणाच्या तरी पोराच्या डोक्यातल्या उवा काढत होती. धर्म वाढवायला काढल्या असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. पोरगं जगलं ना?

पण संबंध कसा तयार झाला ते बघा. नगरकडं महारा-मांगांची घरंच्या घरं, वस्तीच्या वस्ती ख्रिस्ती झाली, म्हणजे मोठी माणसं आपल्या पायानं, आपसात भांडून, विचार करून आली. आमच्याकडं मंडळीची सुरुवात पुष्कळदा अनाथ पोरांपासून झाली. त्यांना साहेब हाच बाप आणि मडमसाहेब हीच माय. हा अलंकार नव्हता, ती खरोखरची गोष्ट होती. ती पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं मिशननं लावली, नोकऱ्या मिशनच्या, घर मिशनच्या आवारात. पन्नाशी उलटली तरी माणूस साहेबापुढं पोरगाच. पुढं गोरे साहेब गेले आणि त्या खुर्चीत आपल्यातला माणूस बसला. खुर्ची तीच, बंगला तोच, मग हाकही तीच राहिली. मला वाटतं आमच्याकडच्या ‘पाळकसाहेबा’चं मूळ धर्मशास्त्रात नाही, दुष्काळात आहे. भुकेल्यानं एकदा मायबाप म्हटलं की पोट भरल्यावरही जीभ वळत नाही.

‘मायबाप’ शब्द आपल्याला काय नवा आहे? येसकराची काठी घेऊन पाटलाच्या वाड्यापुढं जोहार घालताना आपल्या आज्यांच्या तोंडी तोच होता.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर मी त्या पाळकावर अन्याय करीन.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस येईल असं. आपण तर त्याच्याही खाली. म्हणून आपली नावं धोंड्या, कचऱ्या, दगड्या. आणि नाव बरं असलं तरी हाक मारताना शेवटी ‘या’ लावून त्याचं कंबरडं मोडायचं. अशा माणसाच्या नावाआधी जेव्हा कोणी ‘रेव्हरंड’ लिहितं तेव्हा काय होतं? काहीतरी फार मोठं होतं, मित्रांनो. ‘आदर दिलाच पाहिजे’ हा कायदा पहिल्यांदा आपल्या बाजूनं लागतो.

मुक्तिफौजेचं बघा. फ्रेडरिक टकर 1882 ला मुंबईत उतरला आणि ही फौज पुढं नगरच्या गावांत पसरली. तिच्यात धर्मगुरूला फादर नाही, रेव्हरंड नाही, सरळ लष्करी हुद्दे. कॅप्टन, मेजर, ब्रिगेडिअर. आता याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवा. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांनी कोरेगावला रक्त सांडलं त्यांच्या नातवांना सांगितलं, तुम्ही लढाऊ जातीचे नाहीत. सरकारी फौजेनं दार लावलं त्याच काळात देवाच्या फौजेत आपली माणसं कॅप्टन होत होती. बिल्ला लावून, वर्दी घालून, ढोल वाजवत गावातून जात होती. हा हुद्दा पोकळ होता असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? बंदूक नसलेला कॅप्टन कॅप्टनच नव्हे असं सवर्णानं म्हणावं. मी म्हणणार नाही.

मामाच्या पाळकाचा बापही असाच खेडोपाडी पायी फिरणारा उपदेशक होता. त्याला गावात ‘अरे मांगा’ म्हणत, पाणी वरून ओतत. मुलगा शिकला, पाळक झाला. बाहेरच्या रस्त्यावर आजही कोणी त्याला विशेष ओळखत नाही. आठवड्यातून एक दिवस, त्या चार भिंतींच्या आत, त्याला तो शब्द मिळतो. त्याच दिवशी मामानं हिशेब मागितला. पाळकाला त्यात छपराचे पत्रे दिसले नाहीत, ‘अरे मांगा’ ऐकू आलं असेल. हे मला फार नंतर सुचलं. सुचलं म्हणून माफीनामा बरोबर ठरत नाही.

कारण तो शब्द त्यानं कोणाकडून घेतला आणि कोणावर वापरला? पाटलावर वापरता येत नव्हता. शेटजीवर येत नव्हता. वापरता येत होता फक्त हमालावर. बाहेर हरवलेली इज्जत घरात वसूल करायची, जसा आमच्यातला एखादा गिरणीतून मुकादमाच्या शिव्या खाऊन येतो आणि बायकोकडून ‘अहो’ म्हणवून घेतो. पाळकाच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात, तिच्या वाटणीचा शब्दही नवऱ्याच्याच शब्दातून कापून दिलेला. आणि कॅथलिकांत बघा, फादर एक, सिस्टर अनेक. बेडपॅन कोण उचलतं? सरकारी दवाखान्यातल्या नर्सला आपण जातधर्म न बघता सिस्टर म्हणतो. त्या शब्दाला फिनेलचा वास आहे. म्हणून मला तो सगळ्यात स्वच्छ वाटतो.

काही जण म्हणतील, त्यांच्यात किती मोठ्या लोकांनी पदव्या फेकून दिल्या! होय. नारायण वामन टिळकांचंच घ्या. 1895 ला बाप्तिस्मा, मग रेव्हरंड टिळक म्हणून महाराष्ट्रभर नाव, आणि 1917 ला मिशन सोडून, पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले सगळे त्यात चालतील म्हणाले. माणूस मोठा होता, वाद नाही. मिशनच्या मायबापगिरीला आतून दिलेला तो पहिला मोठा धक्का असेल. पण मी गिरणीतला माणूस, मला वजन कळतं. चित्पावन घरात जन्मलेल्या माणसानं रेव्हरंड उतरवून ठेवला तरी खाली उरतात पंत, टिळक, कवी. रस्त्यानं चाललं तरी लोक उठून उभे राहतील. मांगाच्या पोरानं रेव्हरंड उतरवून ठेवला तर खाली काय उरतं? त्याग करायलाही आधी मालकी लागते. कपाटात दहा सदरे असणाऱ्यानं एक दान केला म्हणून एकाच सदऱ्यावाल्याला उघडं व्हायला सांगू नये.

‘सेवक’ शब्दाचंही असंच. चर्चमध्ये हा शब्द फार चालतो, मी प्रभूचा सेवक, मी मंडळीचा दास. सवर्णाच्या तोंडी तो विनय असतो. आपल्या तोंडी तो जन्मदाखला असतो. याचा उलट अर्थ लावायचं धाडस अरविंद निर्मळांनी केलं. मराठी मुलखातलाच हा दलित ख्रिस्ती माणूस. 1981 साली बंगलोरला त्यांनी जो विचार मांडला त्यातून पुढं दलित ईश्वरशास्त्र वाढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की देवच सेवक आहे, झाडणारा, धुणारा, उष्टं उचलणारा. दलितांचा देव दलित. मला हे वाचताना अंगावर काटा आला. आणि लगेच शंका आली. देव झाडणारा झाला, ठीक. पण त्या देवाचा पाळक कधी झाडू हातात घेतो काय? की देव खाली उतरला आणि पाळक वरच राहिला?

या माणसांच्या पुस्तकात बंदी स्पष्ट आहे, हे मला मामीच्याच बायबलात सापडलं. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्री-परुश्यांची सालटी काढतो. मेजवानीत पुढची जागा, बाजारात नमस्कार आणि लोकांनी गुरुजी गुरुजी म्हणावं याची त्यांना हौस, असं म्हणतो. आणि आपल्या माणसांना सांगतो, तुम्ही गुरू म्हणवून घेऊ नका, पृथ्वीवर कोणाला बाप म्हणू नका, तुम्ही सगळे भाऊभाऊ. इतकं सरळ! आणि त्याच्याच नावानं जगभर फादर. त्यांचे पंडित याची उत्तरं देतात, पौलानंसुद्धा स्वतःला बाप म्हटलंय वगैरे. असेल. क्वेकर नावाच्या पंथानं मात्र ते शब्दशः घेतलं, त्यांच्यात पगारी पाद्री नव्हता, पदवी नव्हती, एकमेकांना मित्र म्हणत. रोमलाही हे कळत नाही असं नाही. 2014 साली पोप फ्रान्सिस यांनी ‘मॉन्सिन्योर’ ही मानाची पदवी पासष्टच्या आतल्या साध्या धर्मगुरूंना द्यायची बंद केली. आणि 2018 ला धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांवर जगातल्या कॅथलिकांना पत्र लिहिलं, त्यात रोगाचं एक मूळ सांगितलं ते हेच, की धर्मगुरू स्वतःला वरचा समजतो आणि लोकही त्याला तसं समजू देतात. ज्याला बाप म्हटलंय त्याच्याविरुद्ध पोरगं तक्रार कुठं करणार? हिशेबाचं प्रकरण त्यामानानं किरकोळ. पण वाट तीच.

मग फादर शब्द मोडीत काढायचा काय? इथं माझं मत डळमळतं, ते तसंच लिहितो. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो होते. काही संघटनांनी विरोध केला, पाद्री कसा चालेल म्हणून. त्यांचा झगा दिसला, वसईच्या हिरवळीसाठी दिलेला लढा दिसला नाही. तेव्हा त्यांना ‘फादर’ म्हणणं म्हणजे त्या विरोधकांपुढं छाती काढणं होतं. आणि स्टॅन स्वामी. भीमा कोरेगावच्या प्रकरणात 2020 च्या ऑक्टोबरमध्ये धरलेला म्हातारा, हात थरथरतो म्हणून पाणी प्यायला नळीचा पेला मागणारा. 5 जुलै 2021 ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कैदेतच गेला. आम्ही आमच्या चौकात मेणबत्त्या लावल्या तेव्हा पुठ्ठ्यावर मीच अक्षरं काढली, ‘फादर स्टॅन स्वामी’. हात अडला नाही. कोणी मायना सांगितला नव्हता. आमच्यातला एकही जण त्यांच्या मंडळीतला नव्हता, त्यांची आमच्यावर काडीची सत्ता नव्हती. शब्द तोच, पण एकदा प्रेत घरात ठेवून लिहून घेतला आणि एकदा प्रेत तुरुंगाच्या ताब्यात म्हणून आपणहून लिहिला.

तर प्रश्न शब्दाचा नाही, शब्दामागच्या चावीचा आहे. मामाच्या मंडळीत लग्न लावायची चावी पाळकाकडं, बाप्तिस्म्याची चावी पाळकाकडं, कबरीची चावी पाळकाकडं. चावी एकाच्या कमरेला असली की त्याला भाऊ म्हणा नाहीतर महागुरूस्वामी म्हणा, तुम्ही दारातच उभे. आपल्या गावांत भटजीकडं हीच चावी होती. जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढून 1873 पासून लग्नं भटाशिवाय लावायला शिकवलं ते याचसाठी. 1936 च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनी पुरोहिताबद्दल काय सांगितलं ते आपल्यातले किती जण वाचतात? वंशपरंपरा बंद करा, परीक्षा घ्या, सरकारची सनद द्या, संख्या कायद्यानं ठरवा, चुकला तर नोकरासारखी कारवाई करा. म्हणजे पुरोहिताला परमपूज्य नव्हे, लायसन्सवाला करा. बाबासाहेबांच्या ख्रिस्ती धर्मावरच्या लेखांतही टीका हीच होती, की धर्म बदलला पण जात आणि मुकाटपणा बदलला नाही.

आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला झालं काय? भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. मग मागं वळून लाखो लोकांना दीक्षा दिली ती त्यांनी स्वतः. चीवर नाही, भिक्खूचा हुद्दा नाही. कोटातला एक उपासक बावीस प्रतिज्ञा सांगतो आणि मैदान त्या म्हणतं. जगाच्या धर्मांत असं किती वेळा घडलं? चावीच मोडून मैदानात फेकली त्यांनी. 1950 साली त्यांनी लिहिलं होतंच, येशूनं स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं, महंमदानं प्रेषित, कृष्ण तर परमेश्वरच, बुद्धानं मात्र वाट दाखवणारा एवढंच नाव घेतलं. मार्गदाता, मोक्षदाता नव्हे. पदव्यांचीच ती समीक्षा आहे, आपण ती तशी वाचत नाही. आपला जयभीम बघा ना. कामठीच्या बाबू हरदासांनी तो रूढ केला म्हणतात. जोहार एकानं घालायचा आणि दुसऱ्यानं घ्यायचा. जयभीम दोघंही म्हणतात, उत्तरही तेच.

हे सगळं मी गेल्या हिवाळ्यात मामाला ऐकवलं. कापसाचा हंगाम जोरात, तो गाडीबरोबर आमच्या जिनिंगात आला होता. बाहेर सरकीच्या ढिगाशेजारी बसून आम्ही चहा पीत होतो. मी तावातावानं बोललो. मामा ऐकून घेतो, तो हमाल आहे, ओझ्याखाली बोलत नाही. शेवटी म्हणाला, “बरं हाये बापू. तुमच्यात पाळक नसते. मंग जयंतीच्या वर्गनीचा हिशोब कोन मांगते?”

मी म्हणालो, अध्यक्षसाहेब वाचून दाखवतात.

“साहेब?” मामा म्हणाला.

मी गप्प.

“मांगच्या साली वाचला?”

नाही.

“तुवं मांगतला?”

नाही. जयंतीच्या स्टेजवर माझी कविता होती, अध्यक्षसाहेबांनीच नाव घातलं होतं पत्रिकेत, ‘सुप्रसिद्ध विद्रोही कवी’ असं. तेव्हा कसा विचारणार? हे मी मामाला सांगितलं नाही. पण त्याला ते कळलं असावं. त्यानं कप पालथा घातला आणि म्हणाला, “कागद आन. दोन आन.”

मामाचा अर्ज आधी लिहिला. छपराच्या वर्गणीचा जमाखर्च मंडळीला दाखवावा, एवढंच. मी विचारलं, मायना काय? मामानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, “श्री. लिही. मले बी कोनी श्री. म्हनत नाही, पन त्याले म्हनू.” मग माझा लिहिला, त्याच मायन्याचा. मामानं त्याचा रविवारी स्वतः नेऊन दिला, पाळकाच्या हातात. माझा अजून शर्टाच्या खिशात आहे.